जीवजातींचे संगणकीय माहितीसंग्रह

सजीवांच्या ज्ञात जातींची नावे, वर्णने, चित्रे, आढळस्थाने, संग्रहालयांतील नमुने व आनुवंशिक लक्षणे यांविषयीच्या नोंदी संगणकात सुसूत्रपणे साठवून आंतरजालाद्वारे सर्वांस उपलब्ध करून देणाऱ्या संग्रहांना ही संज्ञा लावतात. एखाद्या वनस्पतीची, प्राण्याची, कवकाची वा सूक्ष्मजंतूची ओळख पटविणे, तिचे ग्राह्य शास्त्रीय नाव ठरविणे आणि ती जाती कोठे व केव्हा आढळली याची पडताळून पाहता येईल अशी नोंद ठेवणे, ही या संग्रहांची तीन प्रमुख कार्ये होत. एकच संग्रह ही तिन्ही कार्ये सारख्याच समर्थपणे करतो असे क्वचितच आढळते. बहुतेक संग्रह यांपैकी एका कार्यासाठी उभारलेले असून ते परस्परांना जोडलेले असतात.

आवश्यकता : आजवर सुमारे २० लाख जीवजातींचे शास्त्रीय वर्णन झाले आहे. ज्यांच्या पेशींत स्पष्ट केंद्रक असते अशा सजीवांच्या जाती सुमारे ८७ लाख असाव्यात, असा एक बहुचर्चित अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे बहुसंख्य जाती अद्याप अनामिक आहेत. ज्यांना नावे आहेत त्यांच्या बाबतीतही अडचणी कमी नाहीत. एकाच जातीचे वर्णन निरनिराळ्या शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या नावांनी केलेले असते, तर कित्येकदा नव्या संशोधनामुळे जातीचा वंश बदलतो. उदा., जुन्या वनस्पतिवर्णनांत पळसाचे नाव ब्यूटिया फ्राँडोझा असे आढळते, तर आज ब्यूटिया मोनोस्पर्मा हे नाव ग्राह्य मानले जाते. सह्याद्रीच्या कड्यांवर वाढणाऱ्या शिंदळ माकुडी या दुर्मिळ वनस्पतीचे वर्णन एकोणिसाव्या शतकात फ्रेरिया इंडिका या नावाने झाले. पुढे १९५८ मध्ये तिचा समावेश कॅरॅलुमा या वंशात व २००२ मध्ये बाउसेरोसिया या वंशात करण्यात आला. यांपैकी एकच नाव माहीत असलेल्या अभ्यासकास उरलेल्या नावांखाली प्रसिद्ध झालेले संशोधन सापडत नाही.

लोकव्यवहारातील नावे याहूनही संदिग्ध असतात. ब्राह्मी हे नाव काही ठिकाणी बॅकोपा मोनिएरी या, तर काही ठिकाणी सेंटेला एशियाटिका या अगदी वेगळ्या कुलातील वनस्पतीस लावतात. शंखपुष्पी या एका नावाखाली तर चार निरनिराळ्या वंशांतील वनस्पती औषधी म्हणून वापरल्या जातात. अशा वेळी ओळखीतील चूक ही केवळ ग्रंथातील चूक राहत नाही, ती रोग्याच्या औषधात उतरते. सापांच्या बाबतीत हे विशेष प्रकर्षाने जाणवते. घोणस या विषारी सापाचे नाव पूर्वी व्हायपेरा रसेली असे होते, ते आता डॅबॉइया रसेली असे आहे. म्यानमारपासून तैवानपर्यंत आढळणारी घोणस हिचाच एक प्रकार समजली जात असे, परंतु २००७ मध्ये ती डॅबॉइया सायामेन्सिस ही स्वतंत्र जाती मानण्यात आली. विषाचे घटक जातीनुसार, किंबहुना प्रदेशानुसारही बदलत असल्याने, थायलंडमधील दंशाविषयीचा जुना वैद्यकीय लेख वाचताना तो नक्की कोणत्या सापाविषयी आहे हे ठाऊक असणे आवश्यक ठरते. जुन्या व नव्या नावांचा असा दुवा जोडून देणे हे माहितीसंग्रहांचे मूलभूत काम होय.

पूर्वपीठिका : जीवजातींची सर्वसमावेशक सूची करण्याची कल्पना संगणकापेक्षा फार जुनी आहे. कार्ल लिनीअस यांचा वनस्पतींवरील ग्रंथ १७५३ मध्ये, तर प्राण्यांच्या नामकरणास आधारभूत ठरलेली त्यांच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ मध्ये प्रसिद्ध झाली. वंश व जाती अशा दोन पदांनी बनलेल्या नावांची पद्धती तेव्हापासून रूढ झाली. लामार्क यांनी १७७८ मध्ये फ्रान्समधील वनस्पतींवरील ग्रंथात दोन-दोन परस्परविरोधी लक्षणांतून निवड करीत जातीपर्यंत पोहोचविणारी ओळखसूची वापरली. आजच्या संगणकीय ओळखसूचींचे मूळ तेथे आहे. प्राणिविज्ञानातील नव्या नावांची वार्षिक नोंद १८६४ या वर्षापासून ठेवली जाऊ लागली. चार्ल्स डार्विन यांच्या अर्थसाहाय्यातून इंग्लंडमधील क्यू येथील वनस्पतिउद्यानात बेंजामिन डेडन जॅक्सन यांनी सपुष्प वनस्पतींच्या नावांची ‘इंडेक्स क्यूएन्सिस’ ही सूची सिद्ध केली व ती १८९३–९५ मध्ये प्रसिद्ध झाली. भारताच्या संदर्भात हूकर यांचा ब्रिटिश भारतातील वनस्पतींवरील ग्रंथ (१८७२–९७) आणि कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ (१९०१–०८) हे दीर्घकाळ आधारभूत राहिले.

मुद्रित सूचीचा मुख्य दोष असा की, ती प्रसिद्ध होताच जुनी होऊ लागते. पुरवण्या वाढत जातात व एक नाव शोधण्यासाठी अनेक खंड चाळावे लागतात. संगणकामुळे ही अडचण दूर होण्याचा मार्ग दिसू लागला. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जातींची लक्षणे संगणकास वाचता येतील अशा सांकेतिक रूपात मांडण्याची ‘डेल्टा’ ही पद्धती विकसित करून १९८० मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेत १९८२ मध्ये न्यूक्लिइक अम्लांच्या क्रमांचा ‘जेनबँक’ हा संग्रह सुरू झाला. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फिलिपीन्समधील मत्स्यसंशोधन केंद्रात डॅनिएल पॉली व राइनर फ्रोझे यांनी ‘फिशबेस’ या माहितीसंग्रहाचे काम आरंभिले. विकसनशील देशांतील मत्स्यतज्ञांना ग्रंथालये उपलब्ध नसतात, ही उणीव भरून काढणे हा त्यांचा हेतू होता. प्रथम तबकडीच्या रूपाने वितरित झालेला हा संग्रह १९९६ मध्ये आंतरजालावर आला. आज त्यात ३५,००० हून अधिक मत्स्यजातींची माहिती आहे.

प्रकार : कार्यानुसार या संग्रहांचे स्थूलमानाने पुढील प्रकार पडतात.

(१) नामसंग्रह : यांत शास्त्रीय नाव, ते देणारा शास्त्रज्ञ, प्रसिद्धीचे वर्ष व ग्रंथ, तसेच पर्यायी नावे दिलेली असतात. क्यू, हार्व्हर्ड व ऑस्ट्रेलिया येथील सूची एकत्र करून १९९९ मध्ये वनस्पतिनामांचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक आंतरजालावर आणण्यात आला. प्राण्यांसाठी ‘झूबँक’ आणि कवकांसाठी ‘मायकोबँक’ व ‘इंडेक्स फंगोरम’ हे संग्रह आहेत. यांतील काहींना आता नामकरणाच्या नियमांतच स्थान मिळाले आहे. १ जानेवारी २०१३ पासून कवकाचे नवे नाव मान्यताप्राप्त नोंदणीस्थानाचा क्रमांक घेतल्याशिवाय ग्राह्य धरले जात नाही. केवळ इलेक्ट्रॉनिकी स्वरूपात प्रसिद्ध होणाऱ्या प्राणिनामांसही २०१२ पासून झूबँकमधील नोंदणी आवश्यक करण्यात आली आहे.

(२) जातिसूची : नामसंग्रहात सर्व नावे असतात, त्यांपैकी कोणते ग्राह्य व कोणते पर्यायी याचा निर्णय जातिसूचीत दिलेला असतो. २००१ मध्ये सुरू झालेली ‘कॅटलॉग ऑफ लाइफ’ ही सूची अनेक विशेषज्ञ-संग्रह एकत्र गुंफून तयार केली जाते. सागरी जीवांची जागतिक सूची बेल्जियममधून, शैवलांची आयर्लंडमधून, तर वनस्पतींची क्यू येथून चालविली जाते. सरीसृपांसाठी व उभयचरांसाठी स्वतंत्र संग्रह आहेत.

(३) आढळनोंदींचे संग्रह : यांतील प्रत्येक नोंद अमुक जाती अमुक दिवशी अमुक ठिकाणी आढळली, एवढेच सांगते. अशा नोंदींचे सर्वांत मोठे एकत्रीकरण कोपनहेगन येथे सचिवालय असलेल्या जागतिक जैवविविधता माहिती सुविधा या आंतरशासकीय संस्थेने केले आहे. ती २००१ मध्ये स्थापन झाली. तिच्याद्वारे उपलब्ध असलेल्या नोंदींची संख्या २०२४ मध्ये सुमारे ३०० कोटींवर पोहोचली. या नोंदी संस्थेच्या स्वतःच्या नसून जगभरातील संग्रहालये, विद्यापीठे व निरीक्षकांचे गट यांनी पुरविलेल्या असतात.

(४) निरीक्षकांचे संग्रह : सामान्य नागरिकांनी पाठविलेली छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे व याद्या यांवर हे आधारलेले असतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा व ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये सुरू केलेला ‘ईबर्ड’, पक्ष्यांच्या आवाजांचा २००५ मधील ‘झेनो-कँटो’ आणि २००८ मध्ये बर्कली येथील विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून उदयास आलेला ‘आयनॅचरलिस्ट’ हे विशेष प्रसिद्ध आहेत.

(५) आनुवंशिक संग्रह : यांत जातीच्या डीएनएतील विशिष्ट भागांचे क्रम साठविलेले असतात.

नोंदीची रचना : आढळनोंदीचे मोल तिच्या तपशिलांवर अवलंबून असते. जातीचे नाव, दिनांक, अक्षांश-रेखांश, स्थानाच्या अचूकतेची मर्यादा, निरीक्षकाचे व ओळख पटविणाऱ्याचे नाव आणि नोंदीचा आधार हे घटक त्यात अपेक्षित असतात. आधार म्हणजे संग्रहालयातील नमुना, छायाचित्र, ध्वनिमुद्रण किंवा केवळ निरीक्षण. निरनिराळ्या संस्थांच्या नोंदी एकमेकींत मिसळता याव्यात, म्हणून या घटकांची ‘डार्विन कोअर’ ही प्रमाणित मांडणी ठरविण्यात आली व २००९ मध्ये तिला औपचारिक मान्यता मिळाली. एखाद्या संशोधकाने उतरवून घेतलेल्या आधारसामग्रीस स्थायी क्रमांक देण्याची व्यवस्थाही आहे. त्यामुळे त्याचे निष्कर्ष इतरांस तपासता येतात व मूळ नोंद करणाऱ्यांना श्रेय मिळते.

पक्ष्यांच्या नोंदींत एक महत्त्वाची सुधारणा झाली आहे. निरीक्षकाने किती वेळ व किती अंतरापर्यंत निरीक्षण केले आणि ओळखता आलेले सर्व पक्षी यादीत नोंदले की नाही, हे त्याला विचारले जाते. यादी पूर्ण असल्यास त्यात नसलेला पक्षी त्या वेळी आढळला नाही, असे मानता येते. केवळ दुर्मिळ पक्षीच नोंदण्याच्या जुन्या सवयीमुळे चिमणी, कावळा यांसारख्या नेहमीच्या पक्ष्यांची संख्या घटली तरी ती लक्षात येत नसे. पूर्ण याद्यांमुळे असा ऱ्हास मोजणे शक्य झाले आहे.

ओळख पटविण्याच्या पद्धती : मुद्रित ओळखसूचीत लक्षणांचा क्रम ठरलेला असतो. फुलाविषयी प्रश्न आला आणि हाती असलेल्या फांदीवर फूल नसले, तर अभ्यासकाची वाट तेथेच खुंटते. संगणकीय ओळखसूचीत कोणत्याही लक्षणापासून आरंभ करता येतो. दिलेल्या लक्षणांशी न जुळणाऱ्या जाती वगळत जाऊन थोड्याच जाती शिल्लक राहतात व मग त्यांची चित्रे ताडून पाहिली जातात.

छायाचित्रावरून ओळख पटविण्याच्या पद्धतीत अनेक जणांचे मत घेतले जाते. आयनॅचरलिस्टमध्ये दिनांक, स्थान व छायाचित्र अथवा ध्वनिमुद्रण असलेल्या नोंदीवर मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक जणांचे जातीविषयी एकमत झाले, म्हणजे ती नोंद संशोधनयोग्य गणली जाते. २०१७ पासून तेथे संगणकच छायाचित्र पाहून संभाव्य नावे सुचवितो. पूर्वी ओळख पटलेल्या असंख्य छायाचित्रांवरून आकार, रंग व नक्षी यांतील साम्य शोधण्याचे शिक्षण त्याला दिलेले असते. फ्रान्समधील ‘प्लँटनेट’ हा संग्रह वनस्पतींसाठी अशीच पद्धती वापरतो, तर कॉर्नेल येथील ‘मर्लिन’ ही प्रणाली २०२१ पासून आवाजावरून पक्षी ओळखू लागली. संगणकाची सूचना हे अनुमान असते, निर्णय नव्हे. ज्या जातींची छायाचित्रे संग्रहात नाहीत त्या त्याला मुळीच ठाऊक नसतात, त्यामुळे तो त्यांच्या सदृश अशा परिचित जातीचे नाव सुचवितो. अळंबी खाण्यायोग्य आहे की नाही किंवा दंश करणारा साप कोणता, हे केवळ अशा सूचनेवरून ठरविणे धोक्याचे असते.

काही गटांत तर छायाचित्र कितीही स्पष्ट असले, तरी पुरेसे होत नाही. कासच्या पठारावर पावसाळ्याअखेरीस फुलणाऱ्या गेंद या वनस्पतीच्या वंशातील जाती वेगळ्या करण्यासाठी बीजावरणाची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. अनेक पतंगांच्या व माश्यांच्या जाती जननेंद्रियांच्या रचनेवरूनच ओळखता येतात. अशा नोंदी वंशापर्यंतच ओळखून थांबणे हेच शास्त्रीय दृष्ट्या योग्य असते.

कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हीबर्ट यांनी २००३ मध्ये डीएनएच्या एका लहान, प्रमाणित भागावरून जाती ओळखण्याची पद्धती सुचविली. प्राण्यांसाठी पेशीतील कलकणूंच्या डीएनएमधील सुमारे ६५० घटकांच्या लांबीचा एक भाग वापरतात. वनस्पतींत हा भाग फारसा बदलत नसल्याने हरितकणूंतील दोन जनुकीय भाग २००९ मध्ये निवडण्यात आले, तर कवकांसाठी २०१२ मध्ये आणखी वेगळा भाग ठरविण्यात आला. या क्रमांचा ‘बोल्ड’ हा संग्रह ग्वेल्फ येथूनच चालविला जातो. अळी, पिसाचा तुकडा वा चूर्ण केलेली वनौषधी यांचीही ओळख या पद्धतीने पटविता येते. मध्य अमेरिकेतील कोस्टारीका येथे एकच समजल्या जाणाऱ्या एका फुलपाखरात दहा भिन्न जाती असाव्यात, असा निष्कर्ष २००४ मध्ये तिच्या साहाय्याने काढण्यात आला. तथापि मूळ नमुन्याची ओळखच चुकली असेल, तर त्याच्याशी ताडून पाहिलेली पुढील प्रत्येक ओळख चुकते. म्हणून क्रमाबरोबर प्रत्यक्ष नमुना संग्रहालयात जतन करणे आवश्यक मानतात.

भारतातील कार्य : भारतीय वनस्पती सर्वेक्षण (१८९०) व भारतीय प्राणी सर्वेक्षण (१९१६) या केंद्रीय संस्थांकडे देशातील मोठे नमुनासंग्रह आहेत. प्राणी सर्वेक्षणाने ३० जून २०२४ रोजी भारतातील प्राण्यांची संगणकीय सूची खुली केली. तीत १२१ याद्यांच्या रूपाने १,०४,५६१ जातींचा समावेश होता. ‘भारत जैवविविधता पोर्टल’ हा लोकसहभागावर आधारलेला संग्रह डिसेंबर २००८ मध्ये सुरू झाला. वनस्पतींसाठी ‘ई-फ्लोरा ऑफ इंडिया’ आणि फुलपाखरांसाठी बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राशी निगडित असलेला संग्रह, हेही निरीक्षक व विशेषज्ञ यांच्या सहकार्यातून उभे राहिले. महाराष्ट्रातील मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संग्रह, मुंबईच्या सेंट झेव्हिअर महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आणि पुणे येथील वनस्पती सर्वेक्षणाचा व आघारकर संशोधन संस्थेचा वनस्पतिसंग्रह यांतील नमुने पश्चिम भारताच्या जीवसृष्टीच्या अभ्यासाचे आधारस्तंभ आहेत.

भारतातील ३०,००० हून अधिक पक्षिनिरीक्षकांनी ईबर्डवर नोंदविलेल्या सुमारे ३ कोटी नोंदींच्या आधारे २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सिद्ध करण्यात आला. त्यात ९४२ जातींचा आढावा घेऊन १७८ जातींच्या संरक्षणास अग्रक्रम द्यावा, असे म्हटले आहे. हौशी निरीक्षकांच्या विखुरलेल्या याद्यांतून राष्ट्रीय पातळीवरचा निष्कर्ष कसा निघू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

उपयोग : जातींच्या प्रसाराचे नकाशे काढणे, हवामानातील बदलांमुळे त्यांच्या प्रदेशात पडणारा फरक अजमावणे, परदेशी उपद्रवी जातींचा शिरकाव वेळीच ओळखणे, धरणे, रस्ते इ. प्रकल्पांचे परिणाम तपासणे आणि संकटग्रस्त जातींची यादी ठरविणे यांसाठी या नोंदी वापरतात. शेतीतील कीड व रोगवाहक डास यांच्या ओळखीसाठीही त्यांचा उपयोग होतो. संगणकीय प्रतींना आणखी एक महत्त्व आहे. दिल्ली येथील राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय २६ एप्रिल २०१६ रोजी आगीत नष्ट झाले. ब्राझीलमधील रीओ दे जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालयास २ सप्टेंबर २०१८ रोजी लागलेल्या आगीत सुमारे २ कोटी वस्तूंच्या संग्रहाचा मोठा भाग जळाला. अशा प्रसंगी नमुन्यांची छायाचित्रे व नोंदी अन्यत्र असतील, तर निदान माहिती तरी उरते. नमुना मात्र परत मिळत नाही.

मर्यादा : नोंदींची संख्या प्रचंड असली, तरी तिचे वितरण अतिशय विषम आहे. जागतिक संग्रहातील निम्म्याहून अधिक नोंदी एकट्या पक्ष्यांच्या आहेत. कीटक, कवके व मृदेतील सूक्ष्मजीव यांच्या जाती सर्वाधिक असूनही त्यांच्या नोंदी तुलनेने अल्प आहेत. तसेच यूरोप व उत्तर अमेरिका येथील नोंदी विपुल, तर उष्ण कटिबंधातील समृद्ध वनांतील नोंदी विरळ आढळतात. नकाशावरील रिकामी जागा ही बहुधा जातीच्या अभावाची नसून निरीक्षकाच्या अभावाची खूण असते. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाल्याने जमिनीवरील प्राणी समुद्रात नोंदला गेल्याची, अथवा स्थान न भरल्यामुळे नोंद गिनीच्या आखातात शून्य अक्षांश-रेखांशावर पडल्याची उदाहरणे वारंवार आढळतात.

अचूक स्थान उघड करणे काही जातींच्या जिवावर बेतते. चीनच्या ग्वांगशी प्रांतातील एका पालीचे वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर व्यापाऱ्यांनी ती इतकी पकडली की, मूळ ठिकाणी ती जवळजवळ नाहीशी झाली. म्हणून संकटग्रस्त जातींची स्थाने अनेक संग्रह मुद्दाम ढोबळ करून दाखवितात. दुसरीकडे, स्थान अजिबात ठाऊक नसेल तर तेथील प्रकल्पास हरकत घेणेही अशक्य होते. या दोन गरजांचा मेळ घालणे संग्रहचालकांपुढील अवघड प्रश्न आहे.

संग्रहांचे स्थैर्य हाही चिंतेचा विषय आहे. २५ वर्षांत सर्व जीवजातींची सूची पूर्ण करण्याचे ध्येय ठेवून अमेरिकेत स्थापन झालेले एक प्रतिष्ठान २००७ मध्ये बंद पडले. वनस्पतींची २०१० मध्ये निघालेली एक जागतिक सूची २०१३ नंतर अद्ययावत झाली नाही व तिची जागा दुसऱ्या सूचीने घेतली. यंत्रे व आज्ञावली यांवर खर्च करण्यास संस्था तयार होतात. नावांतील गोंधळ सोडविणारे, नमुना हाती घेऊन निर्णय देणारे वर्गीकरणतज्ञ मात्र सर्वत्र कमी होत आहेत. माहितीसंग्रहातील प्रत्येक विश्वसनीय नावामागे अशा एखाद्या तज्ञाचे परिशीलन असते. ते खंडित झाल्यास नोंदींची संख्या वाढत राहील, परंतु त्यांची खातरजमा करणारे कोणी उरणार नाही.